टेबलावरचा देह, दिवाणखान्यातले प्रेक्षक

गेल्या अंकात या सदरातील एका उत्तरात, 2002 साली लंडनमध्ये तिकीट लावून केलेल्या आणि त्याच रात्री ब्रिटनच्या 'चॅनल फोर' वाहिनीने दाखवलेल्या शवविच्छेदनाचा ओझरता उल्लेख आला होता. त्या दोन ओळींवर आजवरच्या कुठल्याही उत्तरापेक्षा जास्त पत्रे आली. त्यांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत. विषय पाहता पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी लेस्टरला शिकते. सुट्टीत घरी आली असताना तिने त्या कार्यक्रमाचे चित्रण आम्हाला संगणकावर दाखवले. पहिला छेद घेतला तेव्हाच माझे यजमान उठून गच्चीत गेले. त्यांना घाम फुटला होता. मी मात्र शेवटपर्यंत पाहिले, आणि मला किळस आली नाही याचेच आता वाईट वाटते. 'तुला बघवले तरी कसे?' असे ते अजून विचारतात. जे दाखवले ते खरे होते का? आणि असे काही बघवणे हा मनाचा निबरपणा समजावा का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : देह खरा होता आणि छेदही खरे होते. 20 नोव्हेंबर 2002 रोजी पूर्व लंडनमधील ब्रिक लेनवरच्या, पूर्वी ट्रूमन कंपनीचा बिअरचा कारखाना असलेल्या इमारतीत, गुंथर फॉन हागेन्स या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने सुमारे 500 प्रेक्षकांपुढे 72 वर्षांच्या एका जर्मन पुरुषाचे शवविच्छेदन केले. देहातील पाणी आणि चरबी काढून त्यांच्या जागी प्लास्टिक भरण्याची 'प्लास्टिनेशन' ही पद्धत याच गृहस्थाने 1977 मध्ये हायडेलबर्ग येथे शोधून काढली, आणि अशा देहांचे त्याचे प्रदर्शन त्या वर्षी लंडनमध्ये चालू होते. ब्रिटनमध्ये सुमारे 170 वर्षांनी होणारे ते पहिले जाहीर शवविच्छेदन होते. शरीररचनाविषयक कायद्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या सरकारी निरीक्षकांनी, असे करणे 1984 च्या कायद्याखाली गुन्हा ठरेल, असे पत्र त्याला आधीच पाठवले होते. पोलीस अधिकारी सभागृहात हजर होते; पण त्यांनी हस्तक्षेप केला नाही आणि शवविच्छेदन पूर्ण झाले.

तरीही, मी ज्याला शवविच्छेदन म्हणतो ते तुम्ही पाहिलेले नाही, असे मला म्हणावे लागेल. हा माणूस मार्च महिन्यात वारला होता आणि देह नोव्हेंबरमध्ये उघडला गेला, म्हणजे मधले आठ महिने तो रसायनांनी टिकवून ठेवलेला होता. अशा देहातील सगळे काही करड्या-तपकिरी रंगाकडे झुकते. ताज्या देहाचे तसे नसते. मी एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एकतीस वर्षे न्यायवैद्यकशास्त्र शिकवले; दरवर्षी नवी तुकडी पहिल्यांदा शवविच्छेदन पाहायला आली की मी त्यांचे चेहरे पाहत असे. रक्त पाहण्याची तयारी ती मुले मनाशी करून आलेली असतात. त्यांना दचकवते ती कातडीखालची चरबी, कारण ती झेंडूच्या फुलासारखी पिवळीधमक असेल हे त्यांना कोणीच सांगितलेले नसते.

तुमच्या यजमानांना जे झाले ते भित्रेपण नव्हे. रक्त किंवा जखम पाहिल्यावर काही माणसांच्या नाडीचे ठोके आधी वाढतात आणि मग एकाएकी उतरतात, रक्तदाबही त्याबरोबर खाली येतो, घाम फुटतो आणि घेरी येते. साप पाहून भ्यालेल्या माणसाला सहसा घेरी येत नाही. रक्ताच्या भीतीचा हा स्वतंत्र स्वभाव आहे आणि तो बरेचदा घराण्यात चालत आलेला असतो. माझ्या वर्गात पहिल्या दहा मिनिटांत खाली बसणाऱ्यांमध्ये चांगली दांडगी मुले असत, आणि त्यांपैकी एक जण पुढे उत्तम शल्यचिकित्सक झाला.

आता तुमच्याबद्दल. पाहणाऱ्याच्या मनात एक वळण येते, ते मी शेकडो वेळा पाहिले आहे. टेबलावर जोवर 'माणूस' असतो तोवर अंगावर काटा असतो. छाती उघडून हृदय आणि फुप्फुसे बाहेर काढली, वजनकाट्यावर ठेवली, की तोच प्रेक्षक नकळत पुढे सरकतो आणि 'हे एवढे काळे का?' असे विचारू लागतो. भीतीची जागा कुतूहल घेते. कवटी उघडताना डोक्याची कातडी एका कानामागून दुसऱ्या कानामागपर्यंत छेदून पुढे चेहऱ्यावर दुमडावी लागते, त्यामुळे चेहरा झाकला जातो, आणि त्यानंतर पाहणे पुष्कळांना सोपे जाते. हा निबरपणा असेल तर साऱ्या वैद्यकशास्त्राचा पाया निबरपणावर उभा आहे असे म्हणावे लागेल. मला स्वतःला अवयवांनी कधी त्रास दिला नाही. हातांनी दिला. नखांवरची अर्धी उडालेली रंगाची लाली, तळव्यावरची मेंदी, आणि एकदा ऑगस्टच्या अखेरीस एका मुलाच्या मनगटावर ओली होऊन चिकटलेली राखी. त्या दिवशी मी सहकाऱ्याला पुढचे काम पाहायला सांगितले होते.

त्या रात्री हा कार्यक्रम सुमारे 14 लाख लोकांनी पाहिला आणि तक्रारी आल्या 130 च्या थोड्या वर. नियामक मंडळाने, कार्यक्रम सनसनाटी नव्हता आणि त्याने प्रसारणाचे नियम मोडले नाहीत, असा निर्णय दिला. एवढ्या कमी तक्रारी म्हणजे लोकांची संमतीच, असा अर्थ काहींनी काढला. मला तो पटत नाही. तुमच्या यजमानांनीही तक्रार केली नसती, ते फक्त गच्चीत गेले. फॉन हागेन्सविषयी माझा आक्षेप त्याच्या टोपीवर आहे. शवविच्छेदन करताना काळी फेल्ट हॅट घालण्याचे वैद्यकीय कारण काहीही नाही. ती डच चित्रकार रेम्ब्रांटच्या 1632 सालच्या प्रसिद्ध चित्रात शवविच्छेदन करून दाखवणाऱ्या डॉ. टुल्प यांच्या टोपीची आठवण करून देण्यासाठी आहे. त्या चित्रातही एकट्या टुल्पच्याच डोक्यावर टोपी आहे. चित्र पुन्हा पाहाल तेव्हा एक गंमत पाहा : टेबलाभोवतीच्या मंडळींपैकी बरेच जण देहाकडे पाहतच नाहीत. कोणी पायापाशी उघडून ठेवलेल्या ग्रंथाकडे पाहतो, तर कोणी सरळ आपल्याकडे. आणि टेबलावरचा माणूस कोण, तर त्याच जानेवारीत फाशी दिलेला एक चोर. त्याला कोणी विचारले नव्हते.

प्रश्न : इंग्लंडमध्ये चालते ते आपल्याकडे का चालू नये? आपल्या वृत्तवाहिन्या अपघातात चेंदामेंदा झालेले मृतदेह दाखवतात, मग डॉक्टरांनी समजावून सांगितलेले शवविच्छेदन त्यापेक्षा वाईट आहे काय? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला पूर्णपणे मान्य आहे, म्हणून पहिल्याचे उत्तर आधी देतो.

आपल्याकडे होणारी बहुतेक शवविच्छेदने कायद्याने घडवून आणलेली असतात. अपघात, आत्महत्या, खून, संशयास्पद मृत्यू अशा प्रसंगी पोलीस मरणोत्तर पंचनामा करतात आणि मग देह शवविच्छेदनासाठी पाठवतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 174 खाली होत असे, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली होते. यासाठी नातेवाइकांची संमती लागत नाही, आणि मृताची संमती असण्याचा तर प्रश्नच नाही. ज्या देहावर कायद्याने सक्तीने हात टाकला आहे, तो करमणुकीसाठी वा ज्ञानासाठीही लोकांपुढे मांडण्याचा अधिकार त्या सक्तीतून मिळत नाही. शिवाय शवविच्छेदन हा पुरावा आहे; तो न्यायालयापुढे जाण्याआधी दिवाणखान्यात जाऊ लागला, तर साक्षीदार काय पाहून बोलतो आहे हे कोणालाच सांगता येणार नाही.

आपल्याकडे शवविच्छेदनाचे चित्रण होत नाही, असा मात्र समज करून घेऊ नका. पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात झालेल्या मृत्यूंच्या शवविच्छेदनाचे चित्रीकरण करावे, अशी सूचना राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 1995 मध्येच राज्यांना केली. नोव्हेंबर 2021 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सूर्यास्तानंतरही शवविच्छेदन करण्यास, पुरेशी सोय असलेल्या रुग्णालयांत, मुभा दिली तेव्हाही रात्रीच्या प्रत्येक शवविच्छेदनाचे चित्रण करण्याची अट घातली. असे चित्रण होत असताना मी अनेकदा काम केले आहे. छायाचित्रकार बहुधा गावातलाच, एरवी लग्नाचे शूटिंग करणारा तरुण असे. त्याला नाकाला लावायला आम्ही मास्क देत असू आणि तो दर पाच मिनिटांनी 'सर, अजून किती?' म्हणून विचारत असे. ते चित्रण मोहोरबंद होऊन जाते. त्याचे प्रेक्षक म्हणजे न्यायाधीश, वकील, आणि क्वचित दुसरे मत देणारे डॉक्टर. कॅमेरा तोच, टेबलही तेच. पण तेथे कॅमेरा मेलेल्या माणसाच्या बाजूने उभा असतो.

आता वृत्तवाहिन्या. 9 जानेवारी 2023 रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयाने सर्व वाहिन्यांना सूचनापत्र काढून, मृतदेह आणि रक्तबंबाळ जखमींची दृश्ये जवळून दाखवणे हे कार्यक्रम संहितेतील सभ्यतेच्या निकषात बसत नाही, असे बजावले. त्याआधी जून 2020 मध्ये मुंबईत एका तरुण अभिनेत्याचा मृत्यू झाला तेव्हा त्याच्या देहाची छायाचित्रे मोबाइलवर फिरू लागली होती, आणि ती पुढे पाठवू नका, असे आवाहन महाराष्ट्र सायबर विभागाला करावे लागले. त्यानंतरचे कित्येक आठवडे शवविच्छेदनाच्या अहवालातील एकेक शब्द घेऊन वाहिन्यांवर चर्चा रंगल्या. गळ्यावरच्या व्रणाची दिशा कोणती, व्हिसेरा कुठे पाठवला, वेळ का लिहिली नाही. ज्यांनी आयुष्यात शवविच्छेदनगृहाचे दारही पाहिलेले नाही, असे लोक पडद्यावर गळ्यातल्या हाडाविषयी ठामपणे बोलत होते. लंडनच्या त्या प्रेक्षकांनी निदान अख्खा देह पाहिला, आणि तो दाखवणाऱ्याला शरीररचना ठाऊक होती. आपण देह पाहिला नाही, फक्त त्याचे तुकडे ऐकले.

म्हणून माझे मत असे : ज्याने जिवंतपणी स्वतः लिहून दिले आहे, त्याच्या देहाचे, जाणकाराने समजावून सांगितलेले शवविच्छेदन रात्री उशिरा, पूर्वसूचना देऊन दाखवायला माझी हरकत नाही. 'चॅनल फोर'नेच 2005 मध्ये फॉन हागेन्सला घेऊन, सोबत एक विकृतिशास्त्रज्ञ (पॅथॉलॉजिस्ट) बसवून, शरीररचनेचे चार भाग दाखवले, आणि ते 2002 च्या त्या एका रात्रीपेक्षा पुष्कळच शिकवणारे होते.

प्रश्न : दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या आणि प्रत्यक्ष शवविच्छेदनात सर्वांत मोठा फरक कोणता? (एक विद्यार्थी, पणजी)

उत्तर : वास आणि वेळ. वास पडद्यातून येत नाही, आणि तो कपड्यांत बसतो. वेळेचे म्हणाल तर, साध्या प्रकरणाला तास-दीड तास लागतो आणि त्यातला बराचसा भाग मोजणे, लिहिणे, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावणे यात जातो. मालिकांतला डॉक्टर देहावर नुसती नजर टाकून मृत्यूची वेळ मिनिटांपर्यंत सांगतो. आम्ही तासांच्या पट्ट्यात सांगतो, आणि पुष्कळदा 'मृत्यूच्या कारणाविषयीचे मत रासायनिक पृथक्करणाचा अहवाल येईपर्यंत राखून ठेवले आहे' एवढेच लिहितो.

प्रश्न : माझे वडील दोन वर्षांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात गेले. शवविच्छेदन झाले तेव्हा आम्ही बाहेर झाडाखाली बसलो होतो. नंतर देह प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून दिला, आणि कापडासाठी पैसे मागितले. भावाने इंटरनेटवर असा एक कार्यक्रम पाहिला आणि मला सगळे सांगितले, तेव्हापासून मला झोप लागत नाही. बाबांचे सगळे अवयव परत ठेवले असतील का? त्यांच्या कपाळामागे शिवण होती, ती मी अंघोळ घालताना पाहिली. (एक वाचक, नाशिक जिल्हा)

उत्तर : ताई, तुम्ही पाहिली ती शिवण कवटी उघडल्याची आहे. अपघातात डोक्याला मार लागला असेल तर मेंदूतील रक्तस्राव पाहिल्याशिवाय मृत्यूचे कारण लिहिता येत नाही, आणि ते नीट लिहिलेले नसेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे तुमच्या आईचा दावा लंगडा पडला असता. छेद एका कानामागून दुसऱ्या कानामागपर्यंत डोक्यावरून घेतात तो मुद्दाम, म्हणजे चेहऱ्यावर काही दिसू नये आणि टाके केसांत व उशीवर झाकले जावेत. वडिलांचे केस विरळ असतील तर ते दिसले असणार.

अवयवांविषयी. प्रत्येक अवयव बाहेर काढून, वजन करून, कापून पाहिला जातो. विषबाधेची किंवा मद्याची शंका असेल तर जठर व त्यातील अन्न, आतड्याचा थोडा भाग, यकृताचा तुकडा, दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा अर्धा भाग आणि रक्त बाटल्यांत भरून प्रयोगशाळेकडे पाठवतात; यालाच 'व्हिसेरा राखणे' म्हणतात. आजाराची शंका असेल तर बोटाच्या पेराएवढे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी ठेवतात. बाकी सारे देहात परत ठेवून टाके घालतात. काही राखून ठेवले असेल तर त्याची नोंद अहवालात असते. अहवालाची प्रत तपास करणाऱ्या पोलीस ठाण्यातून मिळते, दाव्यासाठी तुमच्या वकिलांकडे ती असेलही. एखाद्या ओळखीच्या डॉक्टरांना शेजारी बसवून ती वाचा. भावाने सांगितलेल्या चित्रापेक्षा ते दोन-चार कागद तुम्हाला जास्त झोप देतील असे मला वाटते, कारण त्यांत तुमच्या वडिलांबद्दल लिहिलेले आहे, कुणा परक्याबद्दल नाही.

तुमची शंका अवाजवी आहे असे मात्र मी म्हणणार नाही. लिव्हरपूलच्या ॲल्डर हे या मुलांच्या रुग्णालयात शवविच्छेदनानंतर बालकांचे अवयव पालकांना न सांगता मोठ्या संख्येने ठेवून घेतले गेले होते, आणि त्यावरचा चौकशी अहवाल जानेवारी 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. लंडनचे ते जाहीर शवविच्छेदन त्यानंतर दोन वर्षांच्या आत झाले, आणि तेथील विरोधामागे ही जखम होती. त्यातूनच 2004 चा मानवी ऊतींविषयीचा कायदा आला. त्या कायद्याप्रमाणे देह लोकांपुढे मांडायचा असेल तर मृताने स्वतः, साक्षीदारासमक्ष, लेखी संमती दिलेली असावी लागते. मागे राहिलेल्या कुटुंबालाही ती त्याच्या वतीने देता येत नाही.

प्लास्टिकच्या कागदाचे आणि कापडाच्या पैशांचे तुम्ही लिहिले, ते वाचून मला लाज वाटली. आमच्याकडे हे होत नव्हते, असे मी म्हणू शकत नाही. शवविच्छेदनगृहातील कर्मचारी हा रुग्णालयातला सर्वांत कमी विचारला जाणारा माणूस. त्याच्याकडे हातमोजेही धड नसतात, आणि बहुतेक ठिकाणी देह स्वच्छ करून, पुसून, कापडात गुंडाळून देण्यासाठी वेगळी तरतूदच नसते. ही सबब आहे, समर्थन नव्हे. पडद्यावरचे शवविच्छेदन शेवटच्या टाक्यापाशी संपते. बाहेर झाडाखाली बसलेली माणसे त्यात नसतात.

प्रश्न : वय 78. पत्नीच्या मागे मी देहदानाचा अर्ज भरला आहे. नातू म्हणतो, 'आजोबा, उद्या तुम्हाला टीव्हीवर दाखवतील.' थट्टा आहे हे कळते. पण तसे होऊ शकते का? माझा चेहरा दिसेल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आजोबा, नातवाच्या थट्टेत थोडे तथ्य आहे, पण ते अमेरिकेतले. ऑक्टोबर 2021 मध्ये ऑरेगन राज्यातील पोर्टलंड शहरात एका हॉटेलात 98 वर्षांच्या एका माजी सैनिकाच्या देहाचे तिकीट लावून विच्छेदन करण्यात आले. देह वैद्यकीय संशोधनासाठी दिला जात आहे, अशी त्याच्या घरच्यांची समजूत होती. खरे काय झाले ते त्यांना बातमीदारांकडून कळले. तेथे दान केलेले देह खासगी कंपन्यांच्या हाती जाऊ शकतात.

आपल्याकडे देहदान 1949 च्या शरीररचना कायद्याखाली चालते आणि देह वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागाकडे जातो. अर्ज भरला म्हणजे काम झाले असे समजू नका. शेवटी दूरध्वनी करणार ते तुमचे घरचेच, म्हणून मुलांना आणि त्या नातवालाही विभागाचा क्रमांक देऊन ठेवा. अपघाती मृत्यू होऊन शवविच्छेदन झाले, किंवा काही संसर्गजन्य आजार असले, तर देह बहुधा स्वीकारत नाहीत. नेत्रदान मात्र सोबत करता येते, आणि ते सहा तासांच्या आत व्हावे लागते.

चेहऱ्याचे विचारलेत, म्हणून आमच्या महाविद्यालयात काय होई ते सांगतो. पहिल्या वर्षाची मुले पहिल्या दिवशी टेबलाभोवती उभी राहून, या देहाचा मान राखू, अशी शपथ घेत. मोबाइल बाहेरच्या कपाटात ठेवावे लागत. सुरुवात हाताच्या विच्छेदनापासून होई, आणि त्वचा कोरडी पडू नये म्हणून चेहरा ओल्या कापडात गुंडाळलेला असे. डोके आणि मान यांची पाळी बऱ्याच महिन्यांनी येई. तोवर मुले त्या टेबलाला 'आमचे आजोबा' म्हणू लागलेली असत, आणि कापड सुकले की ते कोणी न सांगता भिजवत.